कोठीच्या तळाचं विरजण

जवळा बाजारात नवी ज्वारी, नवा गहू यायला लागलाय. घरोघरी वर्षाचं धान्य भरायची गडबड आहे आणि मला ठरलेला प्रश्न येतोय, ‘ताई, सोंडे होऊ नयेत म्हणून कोठीत कोणती गोळी ठेवू?’

कोणतीच नाही! ओलावा लागला की त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही. अन् आपण ती फडक्यात बांधून ठेवतो, शेजारीच लेकरं झोपलेली. घरात वापरायची ती वस्तूच नव्हे. असो. मला बोलायचंय ते कोठीच्या तळाबद्दल.

तळाला मागच्या सालची चार ओंजळी ज्वारी उरलेली असते. ‘राहू द्या, आपलीच तर आहे’ म्हणत नवी तिच्यावरच ओततो. अहो, हे विरजण झालं की! चमचाभर विरजण तपेलंभर दूध लावतं. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, वरून भोक बुजवते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो, अळी आत वाढते. उकाड्यात दही लवकर लागतं ना? तसंच, उबदार दमट हवेत महिनाभरात नवा सोंडा बाहेर. मग आषाढात पीठ पडलेलं दिसतं, आणि आपण दुकानदाराला बोल लावतो.

कडुलिंबाचा पाला घाला, सावलीत वाळवलेला घाला. पण तळ तसाच ठेवून पाला घालणं म्हणजे विरजलेल्या दुधावर झाकण ठेवणं. पोत्याचंही तेच. शिवणीत किडे दडतात. जुनं पोतं उकळत्या पाण्यातून काढा, कडक वाळवा. धान्य दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत उन्हात घाला, पण भरताना थंड करून भरा. गरम भरलं तर आत घाम धरतं. पुन्हा सांगते, आधी तळ. रिकामी कोठी उलटी करा, कोपऱ्यांतून, फटींतून झाडा, ऊन दाखवा.

तुरीचं राहिलंच. ती शेतातूनच भुंग्याची अंडी घेऊन येते. म्हणून खायची तूर लवकर भरडून डाळ करा. भुंग्याला अख्खा दाणा लागतो. बियाण्याची तूर मात्र... वेळ झाली म्हणतायत. ती पुढच्या खेपेला. आणि हो, कोठीतलं झाडलेलं दारात टाकू नका, सोंडे चालत परत येतात. कोंबड्यांना घाला.