वेताळाची फिर्याद



या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव पुढे आले तेव्हा माझ्या नावाला नव्हे, तर मी बोलण्यासाठी निवडलेल्या विषयाला काही ज्येष्ठांनी हरकत घेतली, आणि ती हरकत त्यांनी लेखी दिली हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मी समजते. म्हणूनच तिचे उत्तरही खासगी पत्राने न देता भर सभेत, सर्वांच्या समक्ष देणे मला उचित वाटते. हरकतीचा मतलब असा की, जादूगार आणि भुतेखेते यांच्या कादंबऱ्या हा पोरांच्या करमणुकीचा माल आहे, तोही परमुलखातला, आणि ज्या महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला त्या महाराष्ट्राच्या साहित्यपीठावरून त्याचा गौरव होणे हे लांछन आहे. मी एकतीस वर्षे एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल म्हणून काम केले. तेथे एकदा कार्यकारी समितीने याच भाषेत ठराव करून अद्भुत कथांची एक मांडणीच्या मांडणी दाखल-नोंदवहीतून कमी करविली, आणि त्या हुकमाखाली मी माझ्या हाताने सही केली. ती सही मला आजवर जाचते. आजचे भाषण त्या सहीविरुद्धची माझी कैफियत आहे, असे म्हटलेत तरी माझी तक्रार नाही.

ज्या ग्रंथमालेविषयी मला बोलायचे आहे ती इंग्रज लेखक जोनाथन स्ट्राउड याची. 'द ॲम्युलेट ऑफ समरकंद' हा तिचा पहिला भाग 2003 साली निघाला, 'द गोलेम्स आय' 2004 साली, 'टॉलेमीज गेट' 2005 साली, आणि मागाहून 2010 मध्ये सॉलोमन राजाच्या जेरुसलेमात घडणारा 'द रिंग ऑफ सॉलोमन' हा पूर्वकथेचा भाग आला. यातील लंडन आपण नकाशात पाहतो तेच आहे. तीच थेम्स, तेच वेस्टमिन्स्टर, तोच मनोरा. फरक इतकाच की, तेथील राज्यकारभार जादूगारांच्या हाती आहे. प्रधान जादूगार, खात्यांचे मंत्री जादूगार, पोलिसांवरचे अधिकारी जादूगार. आणि बाकीची सर्व प्रजा म्हणजे निव्वळ रयत, जिने कर भरावा, दुकाने चालवावीत, लढाईवर जावे आणि शाळेतल्या क्रमिक पुस्तकांतून जादूगारांचे उपकार पाठ करावेत. ग्लॅडस्टन हे ज्याचे नाव आपण इंग्लंडच्या इतिहासात उदारमतवादी पंतप्रधान म्हणून वाचतो, तो या कथेत महापराक्रमी जादूगार आहे आणि 1868 साली त्याच्या फौजा प्राग शहर पाडतात. खऱ्या इतिहासात ग्लॅडस्टन प्रथम पंतप्रधान झाला तो 1868 च्याच डिसेंबरात. लेखकाने इतिहासाचे दप्तर उघडून, तारीख तशीच ठेवून, तीखालचा मजकूर बदलला आहे.

आता या मालेचा गाभा. या जादूगारांना स्वतःची म्हणून कसलीही शक्ती नाही. त्यांपैकी एकालाही हवेत उडता येत नाही, भिंत फोडता येत नाही की काडी पेटविता येत नाही. त्यांना येते ती एकच गोष्ट: खडूने जमिनीवर पंचकोनी यंत्र आखावे, मंत्र चुकू न देता म्हणावेत, आणि दुसऱ्या लोकातल्या एखाद्या स्वतंत्र जिवाला त्याच्या नावाने ओढून आणून आपल्या सेवेला जुंपावे. तो जीव आज्ञा मानतो कारण न मानल्यास त्याला यातना होतात. तो या जगात जितका अधिक काळ राहील तितके त्याचे सत्त्व झिजत जाते. आणि मंत्रात एका अक्षराची चूक झाली तर तो धन्याला गिळतो. साम्राज्याचे सारे वैभव, त्याचे आरमार, त्याची हेरगिरी, त्याचे विजय, या सर्वांखाली वेठीला धरलेल्यांची मेहनत आहे. अशी राज्यसत्तेची व्याख्या मला गेल्या पन्नास वर्षांतल्या कितीतरी गंभीर सामाजिक कादंबऱ्यांतून मिळाली नाही, आणि ती बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून मिळाली, हे मी येथे जबाबदारीने सांगते.

कथा सांगतो कोण, याकडेही लक्ष द्या. नॅथॅनियल नावाचा जादूगारांकडे शिकणारा मुलगा नायक असला तरी त्याची प्रकरणे तृतीय पुरुषात आहेत. 'मी' म्हणून बोलतो तो बार्टिमियस, पाच हजार वर्षांचा जिन्न, ज्याने कितीएक साम्राज्यांच्या भिंती उभारल्या आणि त्या पडतानाही पाहिल्या. गुलामाने मालकाच्या इतिहासाला तळटीपा लिहाव्यात तशी त्याने आपल्या निवेदनाला तळटीपांची जोड दिली आहे. मुलाची गोष्ट त्याहून करुण आहे. पाच-सहा वर्षांच्या वयात त्याला आईबापांपासून तोडून एका मध्यम कुवतीच्या अधिकाऱ्याच्या घरी आणून सोडले जाते; जन्मनाव पुसले जाते, कारण ते नाव जिन्नाला कळले तर धन्याचे मंत्र धन्यावरच उलटतील; आणि बाराव्या वर्षी जॉन मँड्रेक हे सरकारी नाव घेऊन तो कारभारात शिरतो. नाव मिळविण्याच्या क्षणी त्याचे माणूसपण हरवू लागते. दुसऱ्या भागापासून तो ज्या वेगाने निर्दय मुत्सद्दी होत जातो, ते वाचताना मला अनेकदा पुस्तक मिटून ठेवावे लागले आहे. रयतेच्या बाजूने उभी राहते ती किटी जोन्स. ती आणि तिचा मित्र जेकब मैदानात क्रिकेट खेळत असता चेंडू एका जादूगाराच्या मोटारीवर जाऊन काच फुटते, आणि तेवढ्यासाठी तो त्यांच्यावर पिशाच सोडतो. जेकबचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. किटी फिर्याद करते, न्यायालयात उभी राहते आणि हरते. उलट दंडही तिच्याच माथी बसतो. तिच्या बंडाचे मूळ या खटल्यात आहे.

आमच्या ज्येष्ठांना हा माल परका वाटतो, याचे मला मनापासून दुःख होते, कारण ते ज्या भूमीत जन्मले त्या भूमीचे दप्तर त्यांनी उघडून पाहिलेले नाही. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, हे किती जणांच्या ध्यानात असते? आणि त्या कथेचे कारस्थान काय आहे? क्षान्तिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ भेट देतो, प्रत्येक फळाच्या पोटी रत्न असते, आणि या उपकाराच्या मोबदल्यात तो राजाला स्मशानातले वेताळाधिष्ठित प्रेत खांद्यावरून आणायला पाठवितो. त्या मांत्रिकाला राजाचा बळी देऊन सार्वभौमत्व हवे आहे. राजाला सावध करतो तो वेताळ. भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल तेव्हा 'कसा घालायचा ते दाखव' असे म्हण, आणि तो वाकला की त्याचे शिर उडव, ही मसलत प्रेतातल्या पिशाचाने दिलेली आहे. मांत्रिक सत्तालोभी, राजा भोळा, आणि सत्य बोलणारा एकटा तो, ज्याला राजा ओझे म्हणून वाहतो आहे: लंडनच्या कथेची संपूर्ण मांडणी पैठणच्या स्मशानात उभी होती. स्ट्राउडने ती येथून घेतली असे मी म्हणत नाही, म्हणण्याला आधार नाही. मी एवढेच म्हणते की, या विचाराला परका म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच परंपरेतली गुणाढ्याची कथा तर या सभेने उभे राहून ऐकावी अशी आहे. त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा पैशाचीत, पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि सातवाहनाच्या दरबारी पाठविली. दरबाराने भाषा हीन म्हणून ती परत केली. तेव्हा रानात अग्नी पेटवून, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत त्याने सहा लक्ष श्लोक आगीत टाकले. राजाला पश्चात्ताप झाला तोवर एक लक्षच उरले होते. दाखल-नोंदवहीतून पुस्तके कमी करविणारी आमची समिती त्या दरबाराची वारस होती, आणि त्या हुकमावर सही करणारी मीही.

परकेपणाविषयी आणखी एकच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला तेव्हा जिन्नांना मराठी येऊ लागले. त्यानंतर त्यांना सीमेवर अडविणे उशिराचे आहे.

आता अंधश्रद्धेचा आक्षेप. हा आक्षेप घेणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण त्यामागे 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या झालेल्या खुनाची जखम आहे, आणि त्यानंतरच त्यांनी वर्षानुवर्षे झगडून मागितलेला कायदा या राज्याला मिळाला. परंतु तो कायदा कोणाविरुद्ध आहे? दैवी शक्तीचा दावा करून दुसऱ्याची पिळवणूक करणाऱ्याविरुद्ध. बार्टिमियसची कथा पानोपानी हेच सांगते की, सामर्थ्याचा दावा करणाऱ्या माणसाजवळ सामर्थ्य नसते. त्याच्या चमत्काराचे बिल दुसरा कोणीतरी भरीत असतो. ज्या मुलाने हे पुस्तक वाचले तो बुवापुढे बसला तर हात जोडण्याआधी बुवाच्या मागे कोण राबतो आहे ते पाहील. भोंदूच्या दुकानावर घालावयाचा छापा कल्पनेच्या घरावर घालणारे आपल्याच लढ्यातला एक सोबती गमावीत आहेत. भयकथा, गूढकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांना, रत्नाकर मतकरींना समीक्षेने जन्मभर ओसरीवरच बसविले. माजघरात घेतले नाही. त्या अन्यायाची भरपाई स्मरणिकांनी होणार नाही.

आणि जिला आपण ग्राम्य समजतो त्या आपल्या भुतावळीकडे एकदा नीट पाहा. स्ट्राउडच्या पिशाचांत इम्प, फोलियट, जिन्न, अफ्रीत, मरीद अशा पायऱ्या आहेत, एखाद्या कचेरीतल्या हुद्द्यांसारख्या, शक्तीच्या मापाने लावलेल्या. आपली पिशाचे शक्तीने ओळखली जात नाहीत, ती त्यांच्यावर झालेल्या घातावरून ओळखली जातात. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा म्हणजे मुंजा; बाळंतपणात मेलेली बाई म्हणजे हडळ; वासना धनात किंवा वाड्यात अडकून राहिलेला तो समंध. ही यादी म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची मोजदाद आहे. उलट वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तोच वेताळ वेतोबा होऊन गावाची राखण करतो, आणि रात्री फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. राबणाऱ्याचे पाय झिजतात हे ज्या लोकांना कळले, त्यांना बार्टिमियसचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

मग प्रश्न उरतो तो आपल्या लेखकांचा, आणि येथे माझा राग अधिक आहे. मंत्रातले एक अक्षर चुकले की मृत्यू, ही कल्पना परदेशात शोधायला कशाला जावे? 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा गारद्यांच्या तलवारीखाली पडला, आणि 'धरावे' या हुकमातल्या 'ध'चा 'मा' झाला असे परंपरा आजही सांगते. 1802 च्या अखेरच्या दिवशी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने आपल्या संरक्षणासाठी तैनाती फौज बोलावली. ती त्याने आखलेल्या रिंगणात राहिली नाही, आणि सोळा वर्षांत रिंगण आखणाराच बिठूरला पेन्शनीत जाऊन बसला. गिरणगावात 18 जानेवारी 1982 पासून जो संप झाला, ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्या गिरण्यांच्या जमिनींवर आज काचेचे मनोरे आहेत. त्या मनोऱ्यांच्या उद्वाहनांतून रात्री कोण वर-खाली करीत असेल, हे कोणी लिहिले? या शहरांच्या पायात चिणलेल्यांना बोलते करणारी मराठी कादंबरी मला हवी आहे, आणि तिला 'बालिश' म्हणणाऱ्या समीक्षकाशी मी जाहीर भांडायला तयार आहे.

स्ट्राउडच्या मालेतही उणीव आहे. रयतेतली किटी सोडली तर बाकीची माणसे पुष्कळदा गर्दी म्हणूनच येतात. पण त्याने आमच्या सोमदेवाने न केलेली एक गोष्ट केली. आमच्या कथेत भिक्षू मरतो, विद्याधरांचे राज्य त्याच्याऐवजी राजाला मिळते, वेताळ वर देतो आणि निघून जातो. त्याच्या मोकळेपणाला कोणी थांबून मोजीत नाही. स्ट्राउडने अलेक्झांड्रियाचा टॉलेमी उभा केला, ज्या पोराने जिन्नाला चाकर न मानता मित्र मानले आणि तो राहतो कसा हे पाहण्यासाठी जिवावर उदार होऊन त्याच्या लोकात पाऊल टाकले. शतकांनंतर तेच धाडस किटीने केले, आणि परतली ती अकाली वृद्ध होऊन. तिसऱ्या भागाच्या शेवटी, मृत्यू समोर उभा असताना, नॅथॅनियल बार्टिमियसला मुक्त करतो. तो वाचतो, मुलगा वाचत नाही.

कार्यकारी मंडळाकडे मी आज सकाळी एक ठराव दिला आहे. अद्भुत कथा या वाङ्मयप्रकाराला या संमेलनात परिसंवादाचे नव्हे तर पारितोषिकाचे स्थान मिळावे, आणि ज्या ग्रंथालयांतून अशी पुस्तके 'अयोग्य' म्हणून कमी केली गेली तेथे ती पुन्हा दाखल करून घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. दुसरा भाग मंडळाने 'संमेलनाच्या अधिकारकक्षेबाहेर' म्हणून वगळल्याचे मला नुकतेच कळले. तो मी या जागेवरून पुन्हा मांडते. ज्यांचा विरोध असेल त्यांनी नावानिशी उभे राहून बोलावे. मी बसते आहे ती त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी.