चित्रात आहे काय?
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



चित्रकलेवर चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून एका प्रदर्शनाविषयी बोलते.

वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरास जन्मले. घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. २००१ साली ते वारले. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या एकट्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. फेब्रुवारी २०१५ पर्यंत चालून ते नंतर व्हेनिसला गेले.

यांतल्या बहुतेक चित्रांत माणूस नाही, झाड नाही, देव नाही. बहुतेकांना नावही नाही. पुस्तकात छापलेली ती चित्रे मी दाखविली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकींनी विचारले, "पण यात आहे काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्याच घरात आहे.

जमीन सारवताना आपण हाताने अर्धगोल उमटवीत मागे सरकतो. त्या अर्धगोलांत काय आहे, असे कोणी विचारीत नाही. ओसरी प्रसन्न दिसते, तेवढे पुरते. गोधडी शिवताना जांभळ्या तुकड्याशेजारी कोणता खुलेल, हे आपले डोळेच ठरवितात. गायतोंडे रोलरने रंगाचा थर देत, सुरीने खरवडीत, पुन्हा थर देत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. त्यांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांस रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत.

सारवण आणि ती चित्रे एकच, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी सारा जन्म त्या एका कामास दिला. आपल्याला तेवढी सवड कोठली? परंतु पाहण्याची नजर आपल्यालाही आहे. "आम्हां बायकांना काय कळते!" असे म्हणून आपण ती झाकून ठेवतो, आणि पुढे मुलींनाही तेच शिकवितो. मुलगी कागदावर नुसते रंग पसरीत बसली, की आपण म्हणतो, "रंग नासू नकोस, फूल काढ." रंगपेटी फुकट येत नाही, हे मीही जाणते.

म्हणून एक सूचना करते. संक्रांतीच्या वाणाच्या खर्चातून थोडे वाचवून मंडळाने भडगावच्या मुलींसाठी रंग व कागद घ्यावेत, आणि त्यांची चित्रे याच दालनात लावावीत. त्या दिवशी "हे काय काढलेस?" असे विचारण्यापूर्वी आपण प्रत्येक चित्रापुढे घटकाभर उभ्या राहू या.