भाटघरच्या पाण्यावरून



दिवाळी सरली, भातं झोडून झाली, की भोर तालुक्यात भाटघरचं पाणी काठोकाठ आणि निवांत असतं. पुण्याहून सातारा रस्त्यानं कापूरहोळला यायचं, उजवीकडे भोरची वाट धरायची, की भोरच्या अलीकडेच धरण लागतं. संसाराच्या धबडग्यातून नुकतंच मोकळं झालेलं एखादं जोडपं इथं दोन दिवस काढायला आलं, तर त्यांना घाई करण्याचं कारण नाही. हा जलाशय घाईनं बघायचा नाहीच.

भाटघर हे वेळवंडी नदीवरचं धरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं पहिलं धरण बांधलं गेलं, तेव्हा त्या तलावाला व्हाइटिंग सरोवर म्हणत. पुढे 1920 च्या दशकात त्याहून मोठं धरण उभं राहिलं आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव मिळालं. आज हा जलाशय शिवरायांचे सरदार येसाजी कंक यांच्या नावानं ओळखला जातो. साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. इथून सुटलेलं पाणी नीरा नदीतून वीर धरणाकडे जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसची शिवारं भिजवतं.

होडी काठ सोडते आणि मोटारीतून न दिसणारी गोष्ट दिसू लागते. धरणाच्या भिंतीपासून पाणी डोंगरांमधून वळत वळत पश्चिमेला शिरतं. उत्तरेला राजगडाची रांग. गडाच्या पलीकडे वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. अलीकडे भोरचं भुतोंडे खोरं. येसाजी कंकांचं गाव याच खोऱ्यातलं. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहिलं की भाटघरचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. होडीतून तीच माची मान वर करून बघायची.

आणि होडीखाली काय आहे? नदीचं जुनं पात्र, भाताची खाचरं, पायवाटा. कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं दगडी मंदिर वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असतं. उन्हाळी आवर्तनं सुटून पाणी उतरलं, की मे महिन्याच्या सुमारास ते उघडं पडतं. गावकरी दर्शनाला जातात. पावसाळ्यात वेळवंडी पुन्हा चढते आणि देव पुन्हा पाण्याखाली जातो.

इथल्या माणसांना होडी कधीच सहलीची नव्हती. धरण भरलं तेव्हा समोरासमोरची गावं एकमेकांपासून तुटली. आत रस्ते पोचेपर्यंत बाजार, शाळा, दवाखाना, सोयरीक, सगळ्यासाठी पाणीच ओलांडावं लागे. ज्या वाटेवर आज जोडपं थर्मासमधला चहा ओतून घेतं, त्याच वाटेनं कुणी तांदळाचं पोतं, तर कुणी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन पैलतीराला गेलेलं आहे.

दुपारचा मुक्काम भोरला. नीरेकाठचं हे गाव पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होतं. 1948 साली संस्थान विलीन झालं. 1869 मध्ये बांधलेला राजवाडा अजून दिमाखात उभा आहे. लाकडी खांब, मोठे चौक, वर माड्या. अनेक चित्रपटांचं चित्रीकरण इथं झालंय, म्हणून पाहुण्याला तो आधीच पाहिल्यासारखा वाटतो. रामनवमीचा उत्सव हा भोरकरांचा मानाचा सण. वाडा बघावा, नदीच्या घाटावर जरा टेकावं, बाजारातून नव्या हंगामाचा तांदूळ घ्यावा. आंबेमोहोराचा भात शिजताना त्याचा वास ओटीपर्यंत येतो.

दुसऱ्या दिवशी सवड असेल तर वेल्ह्याच्या बाजूला पानशेत गाठावं. आंबी नदीवरचं पानशेत आणि मोसे नदीवरचं वरसगाव, दोन्ही जलाशय शेजारी शेजारी. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. आज तिथल्या शांत पाण्याकडे बघताना ते आठवणं गरजेचं आहे, कारण धरणाचं पाणी दिसतं तेवढं साधं नसतं.

आणि हा धोका धरण फुटण्यापुरताच नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. ती माणसं सहलीला निघाली नव्हती, नेहमीच्या वाटेनं पलीकडे चालली होती. त्याआधी मे 2022 मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या.

म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकानं लाइफ जॅकेट अंगात घालावं, पोहता येत असलं तरीही. जॅकेटं जेवढी, तेवढीच माणसं होडीत घ्यावीत. सकाळी लवकर निघावं, वारा उठला किंवा आभाळ भरून आलं तर जवळचा काठ धरावा, आणि अनोळखी ठिकाणी पाण्यात उतरू नये. जी जॅकेटं पाहुण्यांना मिळतात, ती रोज पाणी ओलांडणाऱ्या गावकऱ्यांनाही मिळायलाच हवीत. पाहुण्यांनी काठावर उतरल्यावर तशी मागणी जरूर करावी.