भिंत कुणी मागितली?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत ‘अमेरिकेतल्या शाळा आणि ख्रिस्ती धर्म’ असा विषय छापला आहे. त्यातली एकच गोष्ट मला सांगायची आहे. सरकार आणि धर्म यांच्यामधली भिंत अमेरिकेत मागितली ती देवाधर्माच्या माणसांनी. सरकारनं कुठलाही धर्म राजमान्य करू नये असं सांगणारी १७९१ची पहिली घटनादुरुस्ती तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्यात वेळ घालवत नाही. राष्ट्राध्यक्ष जेफरसननं ‘भिंत’ हा शब्द वापरला तो १८०२ सालच्या एका पत्रात, आणि ते पत्र होतं कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना. त्या राज्यात काँग्रिगेशनल पंथाला राजमान्यता होती आणि बाप्टिस्ट मूठभर होते. ते स्वतः ख्रिस्ती, आणि त्यांना धास्ती होती ती दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या सत्तेची.

आता आजचं पाहा. लुइझियाना राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला: सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा तक्ता लागलाच पाहिजे, निदान अकरा इंच बाय चौदा इंच. पुढच्या वर्षी टेक्सासनंही तसाच कायदा केला. चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, यात वाईट काय? पण वसईच्या कॅथलिक माणसाला विचारा, ‘व्यभिचार करू नको’ ही आज्ञा कितवी? तो म्हणेल, सहावी. नगरच्या प्रोटेस्टंट माणसाला विचारा. सातवी! (हशा) मंडळी, दोघंही बरोबर आहेत. मूर्तिनिषेध कॅथलिक पहिल्या आज्ञेतच धरतात, बहुतेक प्रोटेस्टंट तो वेगळा मोजतात. ज्यूंची मोजणी आणखी निराळी. सरकारनं तक्ता टांगायचा म्हटला की तो कुणातरी एकाच्या पाठाचाच होणार. लुइझियानाचा मजकूर प्रोटेस्टंटांच्या किंग जेम्स बायबलच्या वळणाचा आहे.

या फरकापायी एका पोरानं मार खाल्ला आहे. दोन मिनिटांत सांगणार होतो, पण ती गोष्ट उरकून टाकण्यासारखी नाही.

मार्च १८५९. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमधली एलियट शाळा. मुलं बहुतेक आयरिश कॅथलिकांची. राज्याच्या कायद्यानं रोज बायबलवाचन सक्तीचं, आणि बायबल प्रोटेस्टंटांचं. थॉमस व्हॉल हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्याला दहा आज्ञा प्रोटेस्टंट पाठानं म्हणायला सांगितल्या, तो म्हणेना. त्यांच्या चर्चमधून मुलांना बजावलेलं होतं, तो पाठ म्हणायचा नाही. मास्तरांनी वेताची छडी घेतली आणि त्याच्या हातांवर मारायला सुरुवात केली. थांबून थांबून, जवळजवळ अर्धा तास. मी इथे उभा राहिल्याला अजून तेवढा वेळ झालेला नाही. शेवटी पोर नमलं. त्या आठवड्यात शेकडो कॅथलिक मुलं नकार देऊन शाळेबाहेर पडली. मास्तरांवर मारहाणीचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. कॅथलिकांनी आपल्या शाळा काढल्या, आणि १८८४ साली बाल्टिमोरच्या धर्मसभेनं ठरवलं की प्रत्येक चर्चजवळ शाळा हवीच.

मागून कुणी विचारतंय, मी ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलतोय का? नाही हो, मुळीच नाही. ज्या बॉस्टननं त्या पोराला मारलं, त्याच बॉस्टनच्या मिशनसंस्थेनं मराठी मुलखात शाळा काढल्या. त्या मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. नगरला त्याच मिशनच्या फरारबाईंच्या हाताखाली सावित्रीबाई फुले शिकवायला शिकल्या. ते उपकार मी मानतो. माझी तक्रार श्रद्धेबद्दल नाही, सरकारच्या हातातल्या छडीबद्दल आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! मग शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून झालेला स्कोप्स खटला आणि मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाचा २०२२चा निकाल राहू द्या. १९६२चं मात्र सांगतोच. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळानं बावीस शब्दांची एक प्रार्थना तयार केली होती. अगदी बिनधोक, कुणाला बोचू नये अशी. सर्वोच्च न्यायालयानं ती शाळांतून काढायला लावली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक अलाबामातल्या बाप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेले गृहस्थ. ‘देवाला शाळेतून हाकललं’ अशी ओरड तेव्हा झाली, आजही होते. खरं तर गणिताच्या पेपरापूर्वी मुलानं मनात प्रार्थना केली तर त्याला कुणी अडवत नाही. गळ्यात क्रूस चालतो. शाळेत इतर मंडळं भरत असतील, तर मुलांचं बायबल मंडळही भरू शकतं. प्रार्थना लिहून देणं आणि ती म्हणवून घेणं, एवढंच सरकारनं करायचं नाही. ज्याची श्रद्धा खरी आहे त्याला हे कमी का वाटावं, मला कळत नाही.

वेळ संपला. एक विनंती करतो. अमेरिकेतल्या अशा खटल्याची बातमी आली की आधी फिर्यादी कोण आहेत ते वाचा. लुइझियानाच्या तक्त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत प्रेस्बिटेरियन पाद्रीही आहेत.