माधव वनाच्या वेशीवरची वार्ता

ज्या गावाची शीव अरण्याला भिडलेली असते, त्या गावात बातमी ही करमणुकीची वस्तू राहत नाही. शहरातील गृहस्थ सकाळी वर्तमानपत्र वाचतो, त्याची घडी करून ठेवतो आणि आपल्या उद्योगाला लागतो. वाचलेल्यापैकी फारच थोडे त्याच्या त्या दिवसाच्या कामाला स्पर्श करते. वनाच्या वेशीवरील गुराख्याचे तसे नाही. वाघीण काल कोणत्या नाल्याला उतरली, कोणती पायवाट चार दिवस टाळावयाची, तेंदूपत्त्याची तोडणी केव्हा सुरू होणार, मारल्या गेलेल्या गाईचा पंचनामा करण्यास वनरक्षक कधी येणार, या त्याच्या बातम्या होत. यांतील एखादी वेळेवर पोहोचली नाही, तर तिची किंमत दुभत्या जनावराने, आणि क्वचित माणसानेही, मोजावी लागते.

शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान हे अशा वनशेजाराचे एक ठळक उदाहरण आहे, आणि मराठी श्रोत्याला ते परकेही नाही. ग्वाल्हेरहून आग्रा-मुंबई महामार्गाने दक्षिणेस निघाले की काही तासांतच शिवपुरी लागते. जुने नाव सिपरी. याच गावी १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना फाशी देण्यात आले. पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी शिवपुरीला आपली उन्हाळी राजधानी केले. महाराज माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या तेथे समोरासमोर उभ्या आहेत. मातोश्रींचे नाव सख्यासागर या तलावाला लाभले, आणि पुत्राचे नाव त्या तलावाच्या काठच्या वनाला.

या वनाचा इतिहास मुख्यतः शिकारीचा आहे. १५६४ साली अकबर बादशहाने नरवर-सिपरीच्या याच रानपट्ट्यात हत्ती पकडले. तेथे आज हत्तीचे नावही उरलेले नाही. शिंदे सरकारच्या काळात हे रान राखीव शिकारीचे झाले. खुद्द माधवराव महाराज वाघाच्या शिकारीतील इतके जाणकार होते, की त्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. वनातील उंच टेकडीवर जॉर्ज कॅसल नावाची इमारत आहे. पंचम जॉर्ज बादशहा शिकारीसाठी येथे मुक्काम करतील या अपेक्षेने ती बांधण्यात आली. बादशहांचा मुक्काम मात्र तेथे कधी पडला नाही. १९१८ साली मणिहार नदीचे पाणी अडवून सख्यासागर निर्माण झाला. राजेरजवाड्यांच्या नौकाविहारासाठी योजलेला हा तलाव कालांतराने मगरींचे आणि पाणपक्ष्यांचे माहेर बनला. २०२२ साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत त्याची गणना झाली.

स्वातंत्र्यानंतर, १९५८ साली, या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. परंतु कायद्याचे संरक्षण आले आणि वाघ मात्र गेला. १९७० च्या सुमारास या वनातील वाघांची कायमची वस्ती संपली. बिबट्या राहिला, अस्वल राहिले, चिंकारा, सांबर, चितळ, नीलगाय आणि चौशिंगा राहिले. केवळ वनाचा धनी तेवढा नाहीसा झाला. त्यानंतर अर्धशतक लोटले. वाघाला पाहिलेली पिढी म्हातारी झाली, आणि तिची नातवंडे वाघावाचून वाढली.

या गोष्टीचे महत्त्व पुष्कळदा ध्यानात येत नाही. वाघाच्या शेजारी राहणे ही एक विद्या आहे. संध्याकाळी गुरे केव्हा परत फिरवावी, गवत कापताना वाकून किती वेळ राहू नये, माकडांचा आणि चितळांचा इशारा कसा ओळखावा, लहान मुलाला पाणवठ्यावर एकटे का पाठवू नये, हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. ते आजोबांकडून नातवाकडे जाते. पन्नास वर्षे वाघच नसला, तर ही साखळी तुटते. म्हणूनच १० मार्च २०२३ रोजी माधव उद्यानात वाघ पुन्हा आणण्यास आरंभ झाला, तेव्हा जनावर परत आले, पण त्याच्याबरोबर राहण्याची विद्या आपोआप परत आली नाही.

त्या वर्षी मध्य प्रदेशाच्या इतर वनांतून एक नर आणि दोन माद्या आणल्या गेल्या. पुढे या वनात वाघांची पिलेही जन्मली. मार्च २०२५ मध्ये माधव उद्यान देशातील ५८ वा आणि मध्य प्रदेशातील नववा व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. १० मार्च २०२५ रोजी पन्ना येथून आणलेली आणखी एक वाघीण मोकळी सोडण्यात आली, आणि वनाच्या कडेने उभारलेल्या १३ किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीचे उद्घाटन झाले. वनातील जनावर आणि वस्तीतील माणूस यांचा झगडा टळावा, हा या भिंतीचा हेतू.

भिंत उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु वनाची सीमा तेरा किलोमीटरांत संपत नाही. उद्यानाच्या कुशीतून राष्ट्रीय महामार्ग जातात, बाहेर दगडखाणी आहेत, शेते आहेत, सहरिया आदिवासींच्या वस्त्या आहेत. जेथे भिंत संपते तेथे भिंतीचे काम वार्तेला करावे लागते.

याच प्रदेशात पूर्वी घडलेला एक प्रयोग यासाठी आठवावा असा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह मागवले आणि त्यांची पैदास करून ते ग्वाल्हेर संस्थानच्या रानात सोडले. महाराजांची हौस दांडगी होती आणि खर्चाला तोटा नव्हता. परंतु सिंह गुरांवर पडू लागले, माणसांवरही हल्ले झाले, आणि अखेरीस एकही सिंह त्या रानात टिकला नाही. दरबाराची आज्ञा होती, पैसा होता, रानही होते. नव्हती ती एकच गोष्ट: ज्यांच्या गोठ्याशेजारी सिंह येणार त्या लोकांची तयारी. शेजाऱ्याला न विचारता आणलेला पाहुणा फार दिवस राहत नाही.

आता या वनशेजाराचे वर्ष कसे उलगडते, ते पाहण्यासारखे आहे. हे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही. ते पाऊस, पाला आणि पाणी यांच्या हिशेबाने चालते.

आषाढात पहिली दमट हवा आली की करधईची झाडे हिरवी होऊ लागतात. पावसाची मोठी सर येण्याची वाटही हे झाड पाहत नाही. हवेतील ओलावा त्याला पुरतो. मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांचा गाभा साधारणपणे १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत प्रवाशांना बंद असतो. प्रवाशांना सुटी मिळते, पण शिवपुरीकरांना नाही. पावसाळ्यात तलाव आणि नाले तुडुंब भरले की मगरी वाट फुटेल तिकडे निघतात आणि कधीकधी थेट शहराच्या वस्तीत येऊन पोहोचतात. अशा वेळी काठ्या घेऊन गर्दी करणे हा शौर्याचा नव्हे, अविचाराचा प्रकार होय. वनखात्याला कळवणे आणि अंतर राखणे, एवढेच नागरिकाचे काम. याच काळात २९ जुलै रोजी जागतिक व्याघ्रदिन येतो. शाळांतून चित्रे आणि निबंध होतात, ते ठीकच आहे. परंतु त्या दिवशी गावातील वृद्धाने मुलांना वाघाचा माग कसा ओळखावा हे शिकवले, तर तो दिवस अधिक सार्थकी लागेल.

१ ऑक्टोबरला प्रवेशद्वारे पुन्हा उघडण्याचा प्रघात आहे, आणि २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. वाटाडे, जीपचालक, धर्मशाळा आणि चहाची दुकाने यांची कमाई येथून सुरू होते. ही कमाई शहरातच अडकून राहते की सीमेवरच्या खेड्यापर्यंत झिरपते, यावर वाघाबद्दलचा लोकांचा लोभ पुष्कळसा अवलंबून असतो. ज्याची गाय वाघाने मारली त्याच्या घरातील मुलाला वाघ दाखवण्याचे काम मिळाले, तर त्या घरात वाघाचा द्वेष मुरत नाही.

थंडी पडली की सख्यासागराच्या पाण्यावर उत्तरेकडून पाहुणे उतरतात. पट्टकादंब, तलवार बदके, चक्रांग यांचे थवे येतात. जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि २ फेब्रुवारीस जागतिक पाणथळ दिन असतो. या तलावाला शहराच्या सांडपाण्याचे आणि जलपर्णीचे भय आहे. पक्षी मोजणे सोपे. गटार वळवणे अवघड. परंतु पहिल्याला दुसऱ्याची जोड मिळाली नाही, तर मोजण्यास पक्षी उरणार नाहीत.

वाघांची मोजणी देशात दर चार वर्षांनी होते. २०२२ च्या फेरीत देशात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि त्यांपैकी ७८५ एकट्या मध्य प्रदेशात. त्यानंतरची फेरी २०२६ ची. या मोजणीत वनरक्षक ठरलेल्या वाटांनी पायी चालून ठसे, विष्ठा आणि झाडांवरील ओरखडे नोंदवतात, आणि मग झाडांना बांधलेले कॅमेरे पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. कारण माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. रानात बांधलेला असा कॅमेरा कोणी काढून नेला, तर त्यात केवळ सरकारचे नुकसान नसते. आपल्या शिवारात कोणता वाघ फिरतो हे कळण्याचे साधन गाव स्वतःच गमावते.

फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागतो. पहाटे अंधारात फुले वेचण्यास बायका-मुले रानाच्या कडेला जातात, आणि अस्वलालाही मोह तितकाच प्रिय असतो. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची जुनी सवय आहे, आणि उन्हाळ्यातील पुष्कळ वणवे त्या ठिणगीतून निघतात. त्यानंतर तेंदूपत्ता येतो. सहरियांच्या कित्येक घरांत वर्षातील रोख पैसा याच थोड्या दिवसांत दिसतो. वाघीण पिलांसह त्या बाजूला असली, तर तोडणीला कोणी कोणत्या बाजूने आणि किती जणांनी मिळून जावे, ही बातमी त्या दिवसांत धान्याइतकी मोलाची असते. वैशाखात पाणवठे आटतात, गुरे आणि हरणे एकाच डबक्यावर येतात, आणि त्यांच्या मागोमाग वाघही येतो.

या सर्वांहून मोठी बातमी पुनर्वसनाची असते. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून लोकांना हलवावयाचे तर ते त्यांच्या खुशीने आणि ग्रामसभेच्या संमतीने, असा २००६ च्या सुधारणेनंतरचा कायदा आहे. केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबामागे १५ लक्ष रुपयांची रक्कम २०२१ पासून ठरलेली आहे. कायदा चांगला आहे; परंतु संमतीला अर्थ येतो तो माहिती पूर्ण असली तरच. शेजारच्या कूनो वनाची हकीकत या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहे. गीरचे सिंह येणार म्हणून तेथील २४ गावे उठवण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहरिया होते. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सिंह हलवण्याचा आदेश दिला. सिंह आलेच नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे नामिबियाचे चित्ते उतरले. चित्त्यांचे स्वागत साऱ्या देशाने केले. परंतु ज्यांनी सिंहासाठी घर सोडले, त्यांना बदललेल्या बेताची बातमी कोणी आणि केव्हा दिली, हा प्रश्न शिल्लक राहतो. २०२३ मध्ये कूनोतील एक चित्ता हद्द ओलांडून शिवपुरी जिल्ह्यातील शिवारांत आला, तेव्हा त्याच्या गळ्यातील यंत्रावरून त्याचा ठावठिकाणा अधिकाऱ्यांना क्षणाक्षणाला कळत होता. जनावराची वार्ता इतक्या काटेकोरपणे मिळवणाऱ्या व्यवस्थेला माणसाची वार्ता माणसापर्यंत पोहोचवणे अशक्य नाही.

त्यासाठी फार मोठ्या साधनांचीही गरज नाही. गावोगावच्या इको विकास समित्या आहेत, शाळेची भिंत आहे, आठवड्याचा हाट आहे, आता बहुतेक घरांत भ्रमणध्वनीही आहे. गरज आहे ती तीन पथ्यांची. पहिले, बातमी गावच्या बोलीत द्यावी. कचेरीच्या भाषेत लिहिलेली सूचना फळ्यावर पिवळी पडते. दुसरे, वाईट बातमी लपवू नये. वाघाने बैल मारला हे अधिकाऱ्याकडून न कळता अफवेतून कळले, तर एका बैलाचे दहा होतात. तिसरे, बातमी दोन्ही दिशांनी वाहावी. गुरे मारली गेल्यास मालकाने विनाविलंब वनरक्षकास कळवावे व पंचनामा होईतो कलेवर हलवू नये. आणि वनखात्यानेही भरपाईचे प्रकरण कोठवर आले हे त्याला विनासायास सांगावे. भरपाई उशिरा मिळाली, तर पुढच्या वेळी मालक अर्ज करीत नाही. तो विषाची पुडी आणतो. वाघाचे मरण पुष्कळदा बंदुकीत नसते, ते त्या पुडीत असते.

माधव वनात वाघ परत आला, ही गेल्या काही वर्षांतील खरोखर आनंदाची वार्ता आहे. ज्या रानात वाघ मारणे हा राजांचा मान होता, तेथे वाघ राखणे हा आता सामान्य गावकऱ्याचा भार झाला आहे. हा भार त्याने एकट्याने वाहावा, अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नाही. महामार्गाने जाणारा मोटारचालक वनात वेग कमी करू शकतो, शिवपुरीचा नागरिक तलाव स्वच्छ राखू शकतो, आणि दुरून येणारा प्रवासी आपला पैसा वेशीवरच्या खेड्यात खर्च करू शकतो. रानाच्या कडेला राहणाऱ्या आईला मात्र या सर्वांआधी एकच गोष्ट हवी असते: आज मुलाला गुरांमागे पाठवावे की नाही, याचे उत्तर सूर्य उगवण्यापूर्वी तिच्या दारात पोहोचलेले असावे.