लाठी हाती घेतलेला माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या थोर व्यक्तीचे स्मरण करावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. मी काही व्याख्याती नव्हे; चुकलेमाकलेले पदरात घ्यावे. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते कोणी मोठे अधिकारी नव्हते. ते होते मुंबई पोलिसांतले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे.

पोलीस म्हटले की आपल्या भागातल्या जुन्या बायकांच्या अंगावर काटा येत असे. माझ्या सासूबाई १९४८ साली लहान होत्या. रझाकार आणि त्यांना पाठीशी घालणारे निजामाचे पोलीस यांच्या भीतीने दिवेलागणीलाच दिवे मालवीत, दाराला आतून जाते लावीत, असे त्या सांगत. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. पण मनातली भीती काही लगेच गेली नाही. मूल रडू लागले की "गप, पोलीस येईल" असे मीसुद्धा म्हणत आले. बंदूकवाला निःशस्त्राच्या दारात येतो, तो पोलीस, एवढीच आमची समजूत.

तुकाराम ओंबळे यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. आधी लष्करात नोकरी केली आणि मग मुंबई पोलिसांत भरती झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रामार्गे मुंबईत शिरले. त्यांतल्या दोघांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार केला. पुढे कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. मग मोटार पळवून ते गिरगाव चौपाटीकडे निघाले.

चौपाटीवर नाकाबंदी होती. मध्यरात्र उलटून गेली होती. नाकाबंदी पाहून मोटार वळवू गेले आणि ती दुभाजकावर अडकली. चकमकीत एक अतिरेकी मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, बंदूक घेऊन उतरला. ओंबळे यांच्या हातात होती लाठी. ते मागे सरले नाहीत. पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळीच धरली. समोरच्याने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या अंगात शिरल्या, मात्र हात सुटला नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला पकडले. दहांपैकी जिवंत सापडला तो हा एकच.

भगिनींनो, मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. एकही मारेकरी हाती लागला नसता, तर कट कोणी रचला, माणसे कोठून आली, हे जगापुढे पुराव्यानिशी मांडणे फार अवघड झाले असते. ओंबळ्यांनी धरून ठेवले म्हणून खटला उभा राहिला. आरोपीला वकील मिळाला, साक्षी झाल्या. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा दिली, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. सूड घेणे सोपे असते. गुन्हेगाराला धरून न्यायासनापुढे उभे करणे हे पोलिसाचे खरे काम, आणि त्यासाठी या माणसाने प्राण दिले.

२००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ साली शास्त्रज्ञांनी कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव दिले, 'आयसियस तुकारामी'. झेप घेऊन भक्ष्य धरणाऱ्या कोळ्यांपैकी तो आहे.

आता घरची गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. माझी धाकटी लेक पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे पाच वाजता बार्शी रस्त्यावर धावायला जाते. मैदानी परीक्षेत मुलींना आठशे मीटर धावावे लागते. गेल्या वर्षी मी तिला भरतीला जाऊ दिले नाही. लोक काय म्हणतील, हे कारण मी पुढे केले. खरे कारण भीतीचे होते. चौपाटीची ती रात्र माझ्या डोळ्यांपुढे येई. ती म्हणाली, "आई, तू ओंबळ्यांच्या फोटोला हार घालतेस. मग त्यांच्याही आईने त्यांना घरीच ठेवायला हवे होते का?" मला उत्तर देता आले नाही. बऱ्याच दिवसांनी मी होकार दिला. भीती अजून आहे. ती जाईल असे मला वाटत नाही. पण माझ्या भीतीपायी तिचा रस्ता अडवायचा नाही, एवढे मी ठरविले आहे.

दर वर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान पडले, त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस सुरू झाला. त्या दिवशी आपणही दिवा लावू. पण माझी विनंती आणखी थोडी आहे. आपल्या गावच्या मुली अंधारात धावायला जातात. त्यांच्या कपड्यांवरून, वेळेवरून आपल्यातच कुजबुज होते. मीही कधी केली आहे. ती आता पुरे. आपण पाळी लावून रोज दोघी-दोघींनी पहाटे रस्त्याच्या कडेला उभे राहू. हातात बॅटरी आणि पाण्याची कळशी असली म्हणजे झाले. उद्याची पाळी माझी आहे. दुसरी कोण येणार, ते मला चहाच्या वेळी सांगा.