सरड्याची धाव

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढें खेड्यांतील परसाचें निवडुंगाचें कुंपण असलें पाहिजे. मुलुंडच्या एखाद्या इमारतींत, चौथ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सरड्याची धाव कोठपर्यंत, हा प्रश्न त्याला पडला नसेल. तो प्रश्न २०२४ सालच्या श्रावणांत अशाच एका घरीं ऐन दिवेलागणीला उभा राहिला. शाळेंतून आलेल्या मुलानें दप्तर खालीं टाकलें, कोपऱ्यांतील कांचेच्या पेटीकडे पाहिलें आणि तो जागच्या जागीं थिजला. पेटीचें झांकण चार बोटें सरकलेलें होतें, आणि आंतला इग्वाना नाहींसा झाला होता.

इग्वाना हा मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेंतील सरडा. दिसावयास तो आपल्या बागेंतील सरड्याचा थोरला भाऊच. पूर्ण वाढला म्हणजे शेपटीसकट पांच फूट लांब होतो. एवढा थोरला प्राणी, पण खातो मात्र पाला. मुलाच्या मामानें वाढदिवसाची भेट म्हणून हें पिल्लूं आणलें होतें, आणि वर्षभरांत तें दीड हात लांब झालें होतें.

घरांत एकच धांवपळ उडाली. मुलगा हातांत विजेरी घेऊन खाटेखालीं शिरला. वडील केरसुणीचा दांडा कपाटाखालीं घालूं लागले. आईनें कोनाड्यांतील डबे खालीं उतरविले. इतक्यांत ही वार्ता जिन्यावरून खालीं गेली आणि खालीं पोंचतांना तिचें रूप पालटलें. सरड्याची घोरपड झाली, आणि घोरपड म्हटल्यावर एक गृहस्थ काठी घेऊन वर आले! घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभय दिलेलें आहे, हें त्या घाईंत कोणाच्या ध्यानीं यावें?

शेजारच्या काकूंनीं मात्र दयाळूपणाचा सल्ला दिला. "मागची खिडकी उघडी ठेवा. समोरच डोंगर आहे. जाईल बिचारा आपल्या रानांत."

मुलुंडच्या पश्चिमेचा तो डोंगर म्हणजे बोरिवलीपर्यंत पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाचीच कड. पण तें रान इग्वानाचें नव्हे. अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत पाळलेले व सुटलेले इग्वाना असेच मोकळे झाले. पुढें त्यांची प्रजा इतकी वाढली कीं, त्यांनीं लोकांच्या बागा फस्त केल्या आणि कालव्यांचे काठ बिळें करून पोखरले. तेथें निदान अधूनमधून कडाक्याची थंडी पडते आणि गारठलेले इग्वाना झाडांवरून टपाटप खालीं पडतात; २०२० च्या जानेवारींत तर हवामान खात्यानें लोकांना तशी सूचनाच दिली होती. मुंबईंत ती थंडीहि नाहीं. तेव्हां खिडकी उघडणें ही वरवर दया दिसली, तरी ती रानावर केलेली आगळीक ठरली असती. आणि काठी, कुत्रीं व घारी यांच्या तडाख्यांत तें जनावर सांपडलें असतें, तें वेगळेंच. वडिलांनीं कांहीं न बोलतां खिडकीची कडी लावली.

"मग वनखात्याला कळवा. १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे," कोणीतरी म्हणालें. वडिलांचा हात दूरध्वनीकडे गेला आणि मध्येंच थांबला. त्यांच्या मनांत शंकेची पाल चुकचुकली. २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनीं त्यांची नोंद सरकारांत करणें आवश्यक झालें आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याचे नियम निघाले आणि ज्यांच्या घरीं असे प्राणी आधींपासूनच होते, त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. ती मुदत आतां संपत आली होती. उद्यां करूं, परवां करूं, असें म्हणतां म्हणतां वडिलांनीं ती नोंद केलीच नव्हती. ज्या प्राण्याचें आपल्या घरीं असणें आपण कोठें लिहून दिलें नाहीं, तो हरवला म्हणून कोणत्या तोंडानें सांगावें?

एवढ्या वेळांत आजी कांहींच बोलल्या नव्हत्या. त्यांनीं नातवाला खाटेखालून बाहेर बोलावलें आणि विचारलें, "बाळ, तुझा तो पाहुणा पेटींत दिवसभर कोठें बसतो रे?"

"वरच्या फांदीवर. दिव्याखालीं."

"मग तुम्ही सगळे त्याला खालीं अंधारांत कां शोधतां?"

या एका प्रश्नानें शोधाची दिशाच बदलली. सरड्याच्या अंगांत आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. इग्वानाला तर खाल्लेला पाला पचविण्यासहि ऊब लागते. शिवाय तो झाडावर राहणारा प्राणी. घाबरला कीं उंच जागा गांठतो. पावसाळी गार संध्याकाळ, घरभर गलबला, अशा वेळीं तो कोठें असणार? उंच, उबदार आणि निवांत जागीं. आजींनीं सर्वांना गप्प बसविलें. पडद्यांच्या दांड्या पाहून झाल्या, फ्रिजचा माथा पाहून झाला. मग समई लावण्यासाठीं त्या देवघराशीं गेल्या. भिंतीवर उंच बसविलेल्या देव्हाऱ्याच्या कळसामागें विजेचा लहानसा दिवा रात्रंदिवस जळत असे. त्या दिव्याला बिलगून, डोळे मिटून, पाहुणा स्वस्थ बसला होता. हिरवी शेपूट तेवढी खालीं लोंबत होती.

मुलानें तीच धरावयास हात उंचावला. वडिलांनीं तो वरच्यावर धरला. शेपटीला हिसका बसला, तर ती तुटून हातांत येते. पुन्हां फुटते, पण पहिल्यासारखी नाहीं. वरून झडप घालणेंहि बरें नव्हे. इग्वानाच्या माथ्यावर उजेडसांवली ओळखणारा एक बारीक तिसरा डोळा असतो. वरून सांवली पडली कीं त्याला घारच आली असें वाटतें. वडिलांनीं समोरून हळूच हात पुढें केला, छातीखालीं आधार दिला आणि त्याला पंचांत गुंडाळून उचललें. नंतर सर्वांनीं साबणानें हात धुतले. असल्या प्राण्यांच्या अंगावर पोटाचे विकार करणारे जंतू असूं शकतात. म्हणून आजींनीं देव्हाराहि धुवून पुसून घेतला.

पेटीला त्याच रात्रीं नवी कडी बसली. जेवणें झाल्यावर वडील नोंदणीचा अर्ज भरावयास बसले. मुलगा शेजारीं बसून एकेक रकाना वाचून दाखवीत होता. प्राण्याचें नांव झालें, संख्या झाली, मालकाचें नांव आलें. "येथें माझें नांव घाला ना, बाबा," मुलगा म्हणाला.

आजी जपाची माळ थांबवून म्हणाल्या, "घाल रे त्याचें. पण बाळ, एक लक्षांत ठेव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत खरी, पण कुंपण कांहीं सरडा घालीत नाहीं."

वडिलांनीं त्या रकान्यांत स्वतःचेंच नांव लिहिलें.